उजव्या कोपऱ्यातली सावली

आमच्या दुकानात माणूस येतो तो थोडा घाबरूनच येतो. नळ गळला तर कोणी घाबरत नाही, पंखा करकरला तर नुसता वैताग येतो. पण कॉम्प्युटरवर एकाएकी हिरवे चौकोन उमटले, फोटोतल्या चेहऱ्याचे दोन तुकडे होऊन एक बाजूला सरकला, की भल्याभल्यांचा आवाज बसतो. मशीन काउंटरवर ठेवायचं, मागे कोणी नाही ना ते बघायचं आणि हळूच म्हणायचं, "त्यात काहीतरी येतंय." काय येतंय ते कोणालाच धड सांगता येत नाही. मी पावतीवर तसंच लिहायचे: 'काहीतरी येतंय'. आमचे हे त्यावरून माझी टिंगल करायचे. म्हणायचे, "अगं, रोग्याने कसंतरी होतंय म्हटलं तर डॉक्टर केसपेपरवर तेच लिहितो का?"

हे ग्राफिक्स कार्डं दुरुस्त करत. मशीनच्या आत चित्र काढणारी वेगळी पाटी असते, पंखे लावलेली, ती. चित्र हलतंय असं आपल्याला वाटतं, पण ते कार्ड बिचारं सेकंदाला साठ-साठ चित्रं नव्याने काढत असतं. एवढं राबणारा आजारी पडणारच, असं हे म्हणत. कार्डाबद्दल त्यांना जेवढी कणव होती तेवढी माणसांबद्दल नव्हती. गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलायची वेळ आली की मला पुढे करत आणि आपण मागच्या खोलीत शिरत.

ती मागची खोली म्हणजे कपाटाची थोरली बहीण. एक टेबल, एक स्टूल, दोन मॉनिटर, दाराला काळा जाड कपडा. आत दिवसाढवळ्या मिट्ट काळोख, कारण बारीक खोट उजेडात दिसत नाही. तिथे बसून हे कार्डाला ताप आणायचे. तासभर जड चित्रं काढायला लावायची आणि बघत बसायचं. कार्ड तापल्यावर चांदण्या पडायला लागल्या तर धूळ, नाहीतर चिपेवरचा लेप वाळलेला. थंड असतानाच रंगीत चौकोन आले तर त्याची मेमरी चाललेली. कार्ड जरा वाकवल्यावर चित्र सुधारलं तर चिपेखालचा एखादा टाका सुटलेला. कधी सगळं ठणठणीत आणि वायरच ढिली. तेव्हा वायर दाबून बसवायची आणि गिऱ्हाईक सुंठीवाचून खोकला गेला म्हणत घरी.

त्यांचा नियम एकच होता. खोट कुठे आहे असं विचारायचं नाही, कुठे नाही ते एकेक करून काढत जायचं. पहिली परीक्षा म्हणजे मशीनच्या आतूनच पडद्याचा फोटो काढायचा आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. फोटोतही खोट असेल तर ती आत कुठेतरी. फोटो स्वच्छ असेल तर मग वायर बदला, मॉनिटर बदला. एक वस्तू बदलायची, बघायचं, दुसरी बदलायची, बघायचं. जे बदलल्यावर खोट गेली तो गुन्हेगार.

आणि या सगळ्यात मी कुठे, तर हाकेच्या अंतरावर. कपड्यामागून आवाज यायचा, "अगं, जरा बघ. दिसतंय का?" मी डोकं आत घालायचे. खरं सांगते, निम्म्या वेळा मला काही दिसायचं नाही. सुरुवातीला प्रामाणिकपणे नाही म्हणायचे. मग काय, अर्धा तास शिकवणी. इथे बघ, नीट बघ, या निळ्याच्या कडेला बघ. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत. त्यावर मी कानाला खडा लावला. दिसतंय का म्हटलं की "हो" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बावीस वर्षं मी हो ला हो करत आले आणि संसार सुखाचा झाला. त्यांची नजर अशी की माझं हो-नाही त्यांना लागतंच कशाला, असं मला वाटायचं. चष्मा लहानपणापासून, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड, पण त्यातून केसाएवढा तडा दिसायचा त्यांना.

तर एक दिवस एक शिक्षिका मशीन घेऊन आल्या. गणित शिकवणाऱ्या, म्हणजे मोजूनमापून बोलणाऱ्या. वडील जाऊन दीड महिना झाला होता. म्हणाल्या, "मशीन पुन्हा सुरू होताना वडील दिसतात. पूर्ण नाही. चष्म्याची एक काच आणि तोंड. क्षणभरच." मी पावती लिहायची थांबले.

हे कपड्याआडून बाहेर आले. असल्या गोष्टी ऐकल्या की त्यांना चेव यायचा. भूत म्हणजे ज्याची खोट अजून सापडली नाही ते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही रोज त्यांचा फोटो उघडून बसता ना?" बाईंनी मान हलवली. मग यांनी सांगितलं की कार्डाची मेमरी पाटीसारखी असते, नवं चित्र काढायच्या आधी ती पुसायची असते, आणि तुमचं कार्ड पुसत नाहीये. वीज न तोडता मशीन पुन्हा सुरू केलंत तर शेवटी बघितलेल्या चित्राचे तुकडे तिथे तसेच असतात, तेच वर येतात. पूर्ण बंद करून वायर काढून पाच मिनिटं थांबलात तर काही उरत नाही.

"म्हणजे पाच मिनिटांनी ते जातील?"

"जातील."

बाईंनी रुमाल काढला नाही की काही नाही. नुसतं म्हणाल्या, "दुरुस्त करा. पण घाई करू नका." यांना ते कळलं नाही; मला कळलं.

त्याच मशीनवर यांना ते पहिल्यांदा दिसलं. काळोखात, उजव्या कडेला, वीज चमकून गेल्यासारखं. बाईंच्या खोटीशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून हे खूश झाले. एकाच कार्डात दोन आजार. आतून फोटो काढला, तो स्वच्छ. वायर बदलली. आहेच. मॉनिटर बदलला. आहेच. दुसऱ्या दिवशी बाईंचं मशीनच बाजूला ठेवून आमचं रोजचं मशीन जोडलं. तिथेही उजवीकडे लखकन गेलं, आणि आता त्याबरोबर काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "एका मशीनमधून दुसऱ्यात गेलंय ते. असं होत नाही." मी म्हटलं, "आता तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही काय करायचं?" ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. तो दिवस मला घड्याळासकट आठवतो, अकराला पाच कमी. काउंटरवर दोन माणसं उभी होती, पैकी एक जोरजोरात बोलत होता. माझी कंबर धरली होती. सकाळीच आमचं कशावरून तरी वाजलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही, म्हणजे तसंच काहीतरी असणार. मी कपडा बाजूला केला, एक पाय आत, एक बाहेर.

"दिसतंय का?"

"हो."

"कुठे?"

स्टुलावर ते उजवीकडे झुकलेले दिसले. म्हणून मी म्हटलं, "ते काय, उजवीकडे. कोपऱ्यात."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मी तोवर काउंटरकडे वळलेही होते, श्वास फक्त ऐकला. मागून त्यांचा आवाज आला, "मग ठीक आहे." आणि पुन्हा वायरी उपसायला लागले.

खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं. आता हे दर तासाला माझ्याशी त्याबद्दल बोलायला लागले, दोघांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं. तुला ते निळसर वाटतं की पांढरं? मान हलवली की जास्त येतं ना? मी हूं हूं करत राहिले. आणि मग माझी मजा झाली. केर काढायला मागच्या खोलीत गेले तर उजव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे मलाही कळतं. पण काळोख्या खोलीत एकटीने झाडू धरून उभं असताना म्हणी कामाला येत नाहीत. टेबलाखाली बाईंचं मशीन होतं. वायर काढलेली होती, पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. तरी मला त्याच्याकडे पाठ करवेना. मी झाडू तिथेच टाकून बाहेर आले.

"ते मशीन परत द्या," मी म्हटलं. "चांगलं नाही ते."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्डावर इलाज केला आणि बाईंना बोलावून मशीन देऊन टाकलं. एरवी महिनाभर माग काढणारा माणूस, सहाव्या दिवशी मशीन हाताबाहेर जाऊ देतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मशीन गेलं. ते राहिलं.

आता लखलखाट कमी झाला होता आणि त्याच्या जागी सावली आली होती. खालून, उजव्या कोपऱ्यातून. यांनी मॉनिटरच्या मधोमध एक पांढरा ठिपका काढला. ठिपक्याकडे टक लावून बघायचं आणि सावलीची कड जिथे येते तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर तारीख. दुसरा मॉनिटर जोडला, त्यावरही तसंच. पट्ट्या दोन्हीकडे तंतोतंत त्याच जागी. मी पुसायला गेले की पट्ट्या मोजायची. आज तीन, आज चार, प्रत्येक पट्टी आदल्या दिवशीच्यापेक्षा मधल्या ठिपक्याच्या बोटभर जवळ. बाकी मॉनिटर मला स्वच्छ दिसायचा. एकदा वाटलं, सांगून टाकावं की मला यातलं काही दिसत नाही. पण मग विचारलं असतं, त्या दिवशी कसं दिसलं? आणि खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की माझ्याच डोळ्यांत काहीतरी कमी आहे. त्यांना दिसतंय म्हणजे असणार. बावीस वर्षांचा शिरस्ता.

शेजारी झेरॉक्सवाला आहे. भयंकर चोख माणूस, शंभर पानांतलं एक तिरकं आलं तर शंभर पुन्हा काढणारा. त्याने आमच्या बदलाबदलीबद्दल ऐकलं आणि कपड्यापाशी येऊन म्हणाला, "काका, मी बघू का? माझी नजर बरी आहे."

"नको," हे आतून म्हणाले. "कपडा हलवू नकोस, धूळ येते."

झेरॉक्सवाला माझ्याकडे बघून खांदे उडवत गेला. मला यांचा राग आला. एवढी मदत आली होती दारात.

त्या दिवसांत त्यांनी उजव्या हाताशी ठेवलेला चहा दोनदा सांडला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मी ओरडले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" घरी जाताना रस्ता ओलांडायच्या आधी ते सबंध मान उजवीकडे वळवून बघायला लागले, आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं.

अकराव्या दिवशी दुपारी ते कपडा बाजूला करून बाहेर आले. दुकानात कोणी नव्हतं. उजेडात येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"मॉनिटर काढला मी," ते म्हणाले. "मशीनची वायर काढली. काही जोडलेलं नाही आता."

"बरं झालं. मग?"

"भिंतीवर पण आहे."

मला एवढंच आठवतं की मी उठून त्यांचा चष्मा काढला आणि तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकला. का झाकला, कोणी सांगितलं, माहीत नाही. म्हटलं, "मी दिसते का?"

ते बराच वेळ बघत होते. "कपाळ दिसतंय," ते म्हणाले. "ते पण वाकडं. खाली काही नाहीये."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण हात थंड आणि स्थिर. थेंब टाकून, दिवा मारून बघितलं. म्हणाल्या, भिंतीच्या रंगाचा पोपडा सुटतो तसं डोळ्याच्या आतलं अस्तर सुटलंय. इतका जाड नंबर असलेल्यांना याचा धोका जास्त. लखलखाट कधीपासून? अकरा दिवस. त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या तीन-चार दिवसांत आला असतात तर मधला भाग वाचवता आला असता, असं म्हणून त्या थांबल्या. मग विचारलं, "दहा दिवस काय करत होता तुम्ही?"

"कार्डं बदलत होतो," हे म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी हसले असते.

"घरात कोणाला सांगितलं नाहीत? कोणाला विचारलं नाहीत, तुम्हाला दिसतंय का म्हणून?"

मी त्यांच्या स्टुलामागे उभी होते.

"नाही," हे म्हणाले. "मी एकटाच असतो आत."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आत हवेचा बुडबुडा भरला आणि तो अस्तरावर दाबून राहावा म्हणून दहा दिवस पालथं झोपायला सांगितलं. जेवतानासुद्धा मान खाली. डोळा गेला असं डॉक्टरीणबाई आजही म्हणत नाहीत. उजेड कळतो, समोर हात हलला तर कळतं, असं म्हणतात. बारीक टाके मारायचं काम संपलं, हे मात्र सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं.

त्या दहा दिवसांत ते पलंगावर पालथे पडून जमिनीशी बोलायचे. मी खाली फरशीवर बसून जेवण भरवायची, पाण्याची नळी तोंडात द्यायची. "मी एकटाच असतो आत" हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर चालू असायचं. ते विसरले, की त्यांनी मला वाचवलं? भांडी घासताना वाटायचं, विसरले. नळी धरताना वाटायचं, वाचवलं. आणि काहीही असलं तरी तो एक "हो" माझाच होता. मी मनात हिशेब करायची: तिसऱ्या दिवशी, अकराला पाच कमी असताना, मी "नाही" म्हटलं असतं तर दुपारपर्यंत आम्ही दवाखान्यात असतो.

सातव्या दिवशी मला ते सोसेना. मी पाठीला पलंगाचा कठडा लावून बसले होते, ते वर पालथे, माझं तोंड समोर भिंतीकडे.

"त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं," मी म्हटलं. "मी बघितलंच नव्हतं नीट. गिऱ्हाइकं होती."

वर पलंग करकरला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू कधीच बघत नाहीस."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दुकान उघडलं तेव्हापासून."

मी मागे वळले, पण पालथ्या माणसाचा फक्त कान दिसतो. "मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी पाणी मागितलं. मी नळी धरली. पिऊन झाल्यावर ते हळूहळू, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखे बोलले. "तिसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. मशीन बदललं, वायर बदलली, मॉनिटर बदलला. बदलायची राहिलेली वस्तू एकच होती. झेरॉक्सवाल्याला विचारलं असतं तर तो नीट बघून नाही म्हणाला असता. मग जावं लागलं असतं. डोळ्यांवरच पोट आहे माझं. मला तेवढं ऐकायचं नव्हतं. कोणीतरी हो म्हणणारं हवं होतं."

मला राग यायला हवा होता. सात दिवस मी जे ओझं वाहत होते ते निम्मं त्यांचं निघालं, म्हणजे हलकं वाटायला हवं होतं. तसंही झालं नाही. मी त्या सकाळीच अडकून बसले. एक पाय आत, एक बाहेर, कपडा हातात, स्टुलावर बसलेला माणूस मला विचारतोय. पडद्यावर काही नव्हतं, तिकडे बघायची गरजच नव्हती. पण तो माणूस तेव्हा भीतीने गारठलेला होता, आणि माझ्याकडून त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघणं झालं नाही.